कात्रीची भीती आणि विश्वासाची सवय
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ हे वाक्य मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी वहीत लिहिलेले असते. कुत्रा घराची राखण करतो, धन्यावर जीव लावतो, शेपटी हलवून आनंद दाखवतो, असेही आपण त्याच निबंधात पुढे लिहितो. परंतु ज्या कुत्र्याने घरच कधी पाहिले नाही, आणि माणसाचा हात जवळ आला की ज्याची शेपटी पोटाखाली जाते, त्याच्याविषयी त्या निबंधात काही नसते. प्रस्तुत लेख अशा कुत्र्यांविषयी आहे. तोही त्यांच्या आयुष्यातील एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे त्यांचे केस विंचरणे, नखे कापणे आणि त्यांना आंघोळ घालणे याविषयी.

विषय ऐकून काही वाचक हसतील याची मला कल्पना आहे. आमच्या गावाकडची मंडळीही हसतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांचे तालुक्याच्या गावी केशकर्तनालय आहे. मुलगा शिकून मोठा होईल या आशेने त्यांनी मला शहरात पाठवले. आणि मुलगा सकाळी मानसशास्त्राचे तास करून संध्याकाळी एका दुकानात कुत्र्यांचे केस कापतो! या कामाला शहरात ‘ग्रूमिंग’ म्हणतात. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे त्यातून सुटतात. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. सकाळच्या तासाला जे शिकलो ते संध्याकाळच्या कामात दिसले, आणि वडिलांच्या दुकानात लहानपणी जे पाहिले त्याचा अर्थ दोन्हींमुळे उमगला.

पिल्लांचा कारखाना

इंग्रजीत ज्याला ‘पपी मिल’ म्हणतात त्याला आपण पिल्लांचा कारखाना म्हणू. हा शब्द अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मध्य-पश्चिमेच्या शेतीप्रधान राज्यांत विक्रीसाठी कुत्र्यांची पिल्ले काढण्याचा धंदा वाढला. कोंबड्या ठेवाव्यात तशी कुत्री पिंजऱ्यात ठेवायची, खालची घाण आपोआप पडावी म्हणून पिंजऱ्याचा तळही जाळीचाच करायचा, आणि मादीकडून होतील तेवढी वेते काढून घ्यायची, अशी ही पद्धत. मिसुरी हे राज्य त्यासाठी विशेष बदनाम झाले. तेथील मतदारांनी २०१० साली मतदान करून या धंद्यावर निर्बंध घातले. पण पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ते बरेच सैल केले.

आपल्याकडे हे नाही असे कोणी समजू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये, असे त्यांत स्पष्ट आहे. नियम करावे लागले यावरूनच परिस्थिती कळते. दुकानात काचेमागे गोजिरवाणी पिल्ले दिसतात. त्यांची आई मात्र कोणालाच दिसत नाही. ती शहराबाहेर एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. तिचे दिवस भरत आले, म्हणजे वेत होईनासे झाले, की ती रस्त्यावर सोडली जाते. नशीब असेल तर एखाद्या संस्थेच्या हाती लागते.

मी जिच्याविषयी लिहितो आहे ती कुत्री अशीच आली. जात शिह त्झू. लांब केसांची, चपट्या नाकाची, मूळ तिबेट-चीनकडची. दातांवरून डॉक्टरांनी वय पाच-सहा वर्षांचे सांगितले. एका निवृत्त शिक्षिकेने तिला घरी आणले आणि छबी असे नाव ठेवले. मी त्यांना काकू म्हणतो. नाव छबी असले तरी आली तेव्हा रूप पाहवत नव्हते. केसांच्या जटा होऊन अंगावर नमदा घातल्यासारखा झाला होता, आणि पुढच्या पायाच्या वरच्या अंगठ्याचे नख गोल वळून मांसात रुतले होते.

भीती येते कोठून?

‘मारले असेल म्हणून घाबरते’ असे सगळेच म्हणतात. मारही बसला असेल. पण भीती नुसत्या माराने येत नाही. माणसाचा हातच न लागल्यानेही ती येते. अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी याविषयीचा एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी काही पिल्लांना उंच कुंपणाच्या आवारात माणसाच्या संपर्काविना वाढवले. वेगवेगळ्या वयाची पिल्ले आठवड्यापुरती माणसांत आणून पुन्हा आवारात सोडली. ज्यांना लहान वयात असा आठवडा मिळाला ती माणसाला सरावली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती जवळजवळ रानटीच राहिली. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ कुत्र्याच्या सामाजिक घडणीचा म्हणून सांगितला आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या कुत्रीचा हा काळ जाळीकडे पाहण्यातच संपतो. पुढे २०११ साली मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पैदास केंद्रांतून सुटलेल्या १,१६९ कुत्र्यांची घरगुती कुत्र्यांशी तुलना केली. सुटलेल्या कुत्र्यांत भीती पुष्कळ अधिक आढळली. आक्रमकपणा मात्र उलट कमी होता.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ही कुत्री सहसा चावत नाहीत, ती गोठतात. आणि तेथेच आपली फसगत होते.

सोडूनही चालत नाही

कोणी म्हणेल, भीती वाटते तर कशाला विंचरायचे? राहू द्यावे तिला तशीच! दुर्दैवाने ते शक्य नाही. शिह त्झूचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात. विंचरले नाहीत की कानामागे, काखेत आणि मागच्या मांड्यांत गुंता होतो. गुंत्याची जटा झाली की चालताना प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. जटेखाली ओल राहते, कातडी चिघळते, गोचीड लपतात. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नये. नखे वाढली की पाऊल नीट टेकत नाही. अंगठ्याचे नख जमिनीला लागत नसल्यामुळे झिजत नाही. ते वळून मांसात शिरते.

म्हणजे पेच असा: हात लावावा तर भीतीने जीव जातो, न लावावा तर वेदनेने. या पेचातून छबीच्या डॉक्टरांनी काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात गुंगीचे औषध देऊन, झोपेत सगळ्या जटा मशीनने उतरवल्या आणि रुतलेले नख काढले. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असतो, म्हणून हे काम दवाखान्यातच व्हायला हवे. उपचार एका दिवसात, शिकवणी अनेक महिन्यांत; दोन्हींची सरमिसळ करू नये, हे त्यांचे म्हणणे. दुखणे आधी दूर झाले, केस अगदी आखूड झाले, आणि आम्हांला घाई उरली नाही.

गप्प उभी राहिली म्हणजे शहाणी नव्हे

दुकानात कधी कधी असे कुत्रे येते की टेबलावर ठेवले की पुतळ्यासारखे उभे राहते. ‘किती शहाणं आहे हो!’ असे मालक कौतुकाने म्हणतात. परंतु जरा नीट पाहावे. तोंड घट्ट मिटलेले, डोळ्यांचे पांढरे दिसणारे, मान दुसरीकडे वळवलेली. झोप नसताना जांभया, काही खाल्लेले नसताना जीभ ओठांवरून फिरवणे, एक पाय उचलून धरणे, अंगाला बारीक कंप. समोर धरलेला आवडीचा घासही ते घेत नाही. हे शहाणपण नव्हे, ही शरणागती आहे.

मानसशास्त्राच्या पुस्तकात सेलिगमन आणि मायर यांचा १९६७ चा प्रयोग असतो. टाळता न येणारे विजेचे धक्के ज्या कुत्र्यांना दिले, त्यांतली बहुतेक पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही पडून राहिली. प्रयोग क्रूर होता, आज तो कोणी करू देणार नाही. पण ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना त्यातून आली. याच दोघांनी २०१६ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी, मेंदूच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपल्या विचारात दुरुस्ती केली. त्यांच्या मते, लांबलेल्या त्रासात गळून जाणे हा मुळातलाच प्रतिसाद असतो, तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते हे की, आपण काही केले तर फरक पडतो.

मला वाटते, या लेखाचे सार याच एका वाक्यात आहे. पिंजऱ्यातल्या कुत्रीने काहीही केले तरी काही बदलत नव्हते. तिला कात्रीची सवय लावणे म्हणजे कात्री सहन करायला लावणे नव्हे. ‘नको’ म्हटले तर माणूस थांबतो, हे तिला शिकवणे होय.

पीटर आणि ससा

शिकवायचे कसे? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीचे आहे. मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने १९२४ साली पीटर नावाच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर जेमतेम तीन वर्षांचा. त्याला सशाची भीती वाटे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून दूर ठेवायचा, आणि तो शांत राहील तेवढाच हळूहळू जवळ आणायचा, असा उपाय बाईंनी केला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भीतीची वस्तू इतक्या दुरून आणायची की भीती जागीच होऊ नये, आणि तिच्यामागून काही चांगले यावे, एवढेच यातले तत्त्व. छबीच्या बाबतीत आम्ही ते असे वापरले.

(१) जागा. टेबल नाही. घरातल्या एका कोपऱ्यात रबरी चटई. पाय घसरला की जनावर घाबरते, आणि जाळीवर वाढलेल्या पायांना घट्ट जमीन नवीनच असते. पहिले काही दिवस त्या चटईवर नुसता खाऊ मिळे. उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे. मीठ-मसाला, कांदा-लसूण अजिबात नाही, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात.

(२) हात. वरून डोक्यावर नव्हे, बाजूने खांद्यावर. आधी स्पर्श, मग घास, हा क्रम चुकवायचा नाही. घास आधी दाखवून मागून हात लावला तर घासाचीच भीती बसते. तीन सेकंद हात लावायचा आणि काढून घ्यायचा. ती जवळ सरकली तर पुन्हा. दूर गेली तर त्या दिवसापुरते पुरे.

(३) फणी आणि ब्रश. आधी चटईवर नुसते पडलेले. मग ब्रशची पाठ अंगावरून. मग दात, तेही पाठीवर. पोट, पाय, शेपटी शेवटी. गुंता सापडला तर मुळाशी केस चिमटीत धरून टोकाकडून सोडवायचा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. गुंता कात्रीने कापू नये. कातडी त्यात वर ओढलेली असते आणि कापली जाते. आणि गुंता सोडवल्याशिवाय आंघोळ घालू नये. पाण्याने तो आणखी आवळतो.

(४) नखे. दिवसाला एक. तेही फक्त टोक, कारण नखाच्या आत रक्तवाहिनी असते आणि काळ्या नखात ती दिसत नाही. रक्त आले तर दाबायला रक्त थांबवणारी पूड, निदान कॉर्नफ्लोअर, जवळ हवे. वडिलांच्या दुकानात तुरटी असते तसे.

(५) मशीन. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला गुणगुण वाटते ती त्याला किंकाळी वाटत असेल. म्हणून मशीन पहिल्यांदा शेजारच्या खोलीत, दार लावून, इकडे खाऊ. मग दार किलकिले, मग उघडे. बंद मशीन अंगाला लावणे ही निराळी पायरी, चालू मशीन ही शेवटची. पाते चालता चालता तापते; ते आपल्या मनगटाला लावून पाहावे.

‘नको’ म्हणण्याची सोय

ब्रिटनमधील प्राणी-प्रशिक्षक चिराग पटेल यांनी एक साधा खेळ लोकप्रिय केला आहे. खाऊची डबी कुत्र्यासमोर ठेवायची. जोपर्यंत कुत्रा डबीकडे पाहत आहे तोपर्यंत काम चालू; त्याने नजर वळवली की हात थांबलाच पाहिजे. पुन्हा डबीकडे पाहिले की पुन्हा सुरू. परवानगी मागायची आणि मिळवायची ही भाषा झाली. छबीला ती कळायला सुमारे तीन आठवडे लागले. पहिल्यांदा तिने मुद्दाम नजर वळवली, माझा हात थांबला, आणि तिने पुन्हा डबीकडे पाहिले. असे तिने लागोपाठ सात-आठ वेळा केले. ती जणू माझी परीक्षा घेत होती. त्या दिवशी विंचरणे काहीच झाले नाही. पण त्या दिवसानंतर तिचे थरथरणे कमी झाले.

काकू आतून विचारीत, “आज किती नखं झाली रे?”

“एक, काकू.”

“एकच?”

“हो. पण तिनं स्वतः पाय पुढे केला.”

दुकानात हे करता आले नसते. तेथे एका कुत्र्याला ठरावीक वेळ असतो; भाडे आणि विजेचे बिल त्यातूनच निघायचे असते. म्हणून आठवड्यातून तीन दिवस मी काकूंच्या घरी जाई आणि एरवी त्या स्वतः दहा मिनिटे बसत. खरे काम त्या रोजच्या दहा मिनिटांनीच झाले.

वडिलांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “यात नवीन काय? जावळाचं मूल असंच असतं.” खरेच आहे. मामाच्या मांडीवर बसलेल्या मुलाचे डोके ते कधी आवळून धरीत नाहीत. हनुवटीखाली हात ठेवतात आणि वाट पाहतात. डोके आपोआप हातावर विसावते. जोन्सबाईंचे नाव त्यांनी ऐकलेले नाही, पण पीटरला त्यांनी नक्की सांभाळले असते. पुस्तकातले ज्ञान आणि हातातले ज्ञान यांत आपण उगीच उच्चनीच लावतो, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

काय साधले, काय नाही

आठ महिन्यांनंतर छबी चटईवर आपणहून येते, हनुवटी घडी केलेल्या टॉवेलवर टेकते, आणि विंचरू देते. नखे एका बैठकीत एका पायाची होतात. केस वाळवण्याच्या यंत्राचा आवाज तिला अजून सोसत नाही. म्हणून टॉवेलने आणि पंख्याखाली वाळवतो. तो आवाज कदाचित कधीच सोसणार नाही. अशा कुत्र्यांत सगळी भीती जाते असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. तिची मर्यादा ओळखून केस आखूड ठेवणे, म्हणजे काम कमी पडेल असे पाहणे, यात कमीपणा नाही.

पण या सगळ्याचा खरा उपयोग पावसाळ्यात कळला. छबी मान एका बाजूला झटकू लागली. काकूंनी कान उचलून पाहिला, वास आला. डॉक्टरांनी कानाचा संसर्ग सांगितला आणि थेंब दिले, रोज दोनदा, दोन आठवडे. वर्षापूर्वी तिच्या कानाला हात लावणेही अशक्य होते. आता तिने डबीकडे पाहत थेंब घालून घेतले. आजार वेळेवर दिसला आणि घरीच बरा झाला. ग्रूमिंग म्हणजे श्रीमंतांच्या कुत्र्यांचा नट्टापट्टा, असे ज्यांना वाटते त्यांनी हा कान लक्षात ठेवावा.

शेवटी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पिल्लू विकत घ्यायचेच असेल तर आधी त्याची आई, ती जेथे राहते त्या जागेवर जाऊन पाहावी. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. आणि शक्य असेल तर छबीसारखे मोठे, टाकलेले कुत्रे घरी आणावे. त्याला वेळ द्यावा लागतो, खर्च मात्र फार नाही. एक रबरी चटई, एक डबी, रोजची दहा मिनिटे, आणि त्याने मान वळवली की आपला हात थांबवण्याची तयारी. यांतली शेवटची गोष्टच काय ती अवघड आहे.